मॅडमनी सांगितलेला अर्थ

पंचशीलानं कादंबरी उघडून टेबलावर ठेवली आणि एका शब्दाखाली बोट धरलं.

"मॅडम, ह्याचा अंदाज लागंना मला."

मंजुश्री मॅडमनी चहाचा कप बाजूला सारून वाकून पाहिलं. एनर्व्हेटिंग. शब्द कुठंतरी भेटल्यासारखा वाटत होता, पण अर्थ काही केल्या आठवेना. मधली सुट्टी होती. समोरच्या खुर्चीत इतिहासाचे भीमाशंकर सर पेपर उघडून बसले होते, आणि पेपराच्या वरून त्यांचे डोळे इकडंच लागलेत हे मॅडमना न बघताही कळत होतं. त्या ओळीत एक दरी होती, उन्हाळा होता, हवा होती. शब्दात एनर्जीसारखं काहीतरी ऐकू येत होतं.

"तरतरी आणणारं," त्या म्हणाल्या. "अंगात बळ भरणारं. दरीतली हवा आहे ना ती? तशी."

पंचशीलानं ओठातल्या ओठात तो शब्द म्हणून पाहिला, मान हलवली आणि पुस्तक छातीशी धरून निघून गेली. भीमाशंकर सरांनी पेपर खाली केला. म्हणाले, तुमचं बरंय मॅडम, आमचा विषय विचारायला स्टाफरूमपर्यंत कुणी येत नाही. मॅडम हसल्या. चहा निवून गेला होता, तरी त्यांनी तो चवीनं संपवला.

अहमदपूरच्या त्या कॉलेजात मंजुश्री मॅडम अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायच्या. माहेर उदगीरचं, यजमान उमाशंकर यांचं मार्केट यार्डाच्या रस्त्याला मोटारपंपांचं दुकान. एम.ए. त्यांनी लग्नानंतर, घरातलं सगळं सांभाळून केलं होतं. ते करताना पुस्तकं कमी आणि गाइडं जास्त वाचली होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती. वर्गात त्या नेटकं शिकवत. मुलं त्यांना मानायची.

पंचशीला शिरूर ताजबंदच्या पुढच्या एका वाडीवरून एसटीनं यायची. तिची आई सिंधु अंगणवाडीत मदतनीस होती. निबंधातली तिची इंग्रजी वाक्यं इतर मुलांसारखी पाठ केलेली नसत. चुकायची, पण तिची स्वतःची असायची. म्हणूनच मॅडमनी तिला लायब्ररीतून ती जाड कादंबरी काढून दिली होती. पुठ्ठा निखळलेली, डोंगरात मेंढ्या राखणाऱ्या दोन बहिणींची. इंग्रजी गोष्टीतून शिक, याद्या पाठ करून नको, असं सांगितलं होतं आणि वर एक नियमही घालून दिला होता. शब्द अडला की मोबाईल काढायचा नाही. आधी वाक्यातून अंदाज करायचा, नाहीच लागला तर मला विचारायचं. आयता मिळालेला अर्थ डोक्यात टिकत नाही, हे त्या मनापासून मानत होत्या. पंचशीलानं तो नियम व्रतासारखा पाळला.

हैदराबादच्या एका संस्थेनं खेड्यातल्या मुलींसाठी वर्षभराचा निवासी इंग्रजी अभ्यासक्रम काढला, तेव्हा अर्ज मॅडमनीच भरायला लावला. मुलाखतीसाठी नांदेडला बोलावणं आलं. सिंधुताई लेकीबरोबर जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, तेव्हा पंचशीला खाली बघत एवढंच म्हणाली, "बरी झाली."

निकालात तिचं नाव नव्हतं. मॅडमना वाईट वाटलं. त्यांनी तिला बोलावून समजावलं, की वर्ष काही वाया गेलेलं नाही, वाचत राहा. आणि शिक्षकाची सवय म्हणून शेवटी असंही म्हणाल्या की मुलाखतीत उगाच छाप पाडायला जाऊ नये. ज्या शब्दाची खात्री नाही, तो वापरूच नये. पंचशीलानं ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. "हाव, मॅडम," म्हणाली आणि गेली.

त्यानंतरही ती पुस्तक घेऊन येत राहिली. आता तिचे प्रश्न सोपे असायचे. मॅडम पटापट उत्तरं द्यायच्या, आणि कादंबरी पोरीच्या अंगवळणी पडली म्हणून त्यांना समाधान वाटायचं.

दिवाळीनंतर नांदेडला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर पाच-सहाजण बसले. त्यात तिथल्या एका कॉलेजातले श्रीपाद सर होते. बोलण्यात मिठ्ठास, किस्से सांगण्यात हातखंडा. त्या हैदराबादवाल्यांच्या मुलाखतींना त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्यातलाच एक किस्सा ते रंगवून सांगू लागले.

"एक मुलगी आली. तयारी चांगली, बोलत होती धीटपणे. आम्ही विचारलं, तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा? म्हणाली, माझ्या इंग्रजीच्या मॅडमचा. आणि मग अगदी ठासून इंग्रजीत सांगितलं, त्यांचा सहवास फार एनर्व्हेटिंग आहे."

टेबलावर हशा पिकला. मंजुश्री मॅडमही हसल्या. का हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं, पण सगळे हसत होते. शेजारी बसलेल्या देगलूरच्या एका तरुण शिक्षकालाही कळलं नसावं. त्यानं सरळ विचारलं, म्हणजे काय हो सर?

"अहो, म्हणजे माणूस गळून जातो. अंगातलं त्राण जातं. मॅडमबरोबर बसलं की पोरीच्या अंगातली ताकदच निघून जाते म्हणे."

पुन्हा हशा झाला. मंजुश्री मॅडमचा हात वरणभातात तसाच राहिला.

"बिचारीला कौतुक करायचं होतं," श्रीपाद सर पुढं म्हणाले. "आम्ही हसलो तशी ती गडबडली, मग पुढचं सगळंच विस्कटलं. मी विचारलं, हा अर्थ तुला सांगितला कुणी? म्हणाली, कुणी न्हाई सर, मीच अंदाजानं लावला. मॅडमला विचारलं असतं तर चुकलं नसतं."

यावर कुणी हसलं नाही. देगलूरचा तो तरुण शिक्षक म्हणाला, गुणी दिसतीय पोरगी. श्रीपाद सरांनी मान डोलावली. मग मंजुश्री मॅडमकडं वळून म्हणाले, की ती अहमदपूरकडचीच होती, तुमच्या ओळखीतली असेल.

"आमच्याकडं कॉलेजं पुष्कळ आहेत," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी हात धुतला तेव्हा ताट निम्मं तसंच होतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. लोहा मागं पडल्यावर त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि तो शब्द टाईप केला. श्रीपाद सरांनी सांगितला तोच अर्थ समोर आला. खाली उदाहरणादाखल वाक्यही होतं, उन्हाळ्यातल्या दमट हवेचं. तेव्हा त्यांना कादंबरीचं ते पान आठवलं. त्या ओळीच्या खालीच थोरली बहीण रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती आणि तिला उठवत नव्हतं. त्यांना ते दिसलं होतं. दिसूनही त्या पुढं वाचत गेल्या नव्हत्या, कारण समोर भीमाशंकर सर होते आणि उत्तर लगेच द्यायचं होतं.

चूक एवढीच असती तर एक वेळ पचली असती. शब्द कुणाचाही चुकतो. पण मुलाखतीहून आलेल्या पोरीला आपण काय सांगितलं, ते आठवलं आणि कान तापले. खात्री नाही तो शब्द वापरू नये. तिला खात्री होती. तिच्याएवढी खात्री त्या मुलाखतीत कुणालाच नसेल. तेवढं ऐकूनही तिनं "हाव, मॅडम" म्हटलं होतं. आणि आज त्याच पोरीला ओळखतो एवढं सांगायलासुद्धा आपली जीभ उचलली नाही. मॅडमनी पदर तोंडावरून फिरवला. शेजारच्या बाईनं विचारलं, गाडी लागते काय. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

रात्री उमाशंकरनी विचारलं, ट्रेनिंग कसं झालं. बरं झालं, त्या म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

पोरीला सांगून टाकायचं, असं ठरवून त्या सकाळी कॉलेजात गेल्या. तासाला पंचशीला दुसऱ्या बाकावर होती. मॅडम फळ्याकडं तोंड करून जास्त वेळ लिहीत राहिल्या. घंटा झाली, मुलं उठली, आणि ठरवलेलं न सांगताच मॅडम वर्गाबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पंचशीला स्वतःच स्टाफरूममध्ये आली. नेहमीसारखी टेबलाच्या कडेला उभी राहिली, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं.

"ह्यो, मॅडम. स्टबर्न."

"हट्टी," मॅडम म्हणाल्या.

"आन् ह्यो? ऑर्चर्ड."

"फळबाग."

उत्तर देता देता त्या थांबल्या. हे शब्द शाळेतली पोरं पाठ करतात. एनर्व्हेटिंगला अडलेली पोरगी ऑर्चर्डला कशी अडेल? त्यांनी तिच्याकडं पाहिलं. पंचशीला पानाकडंच बघत होती, चेहरा एकदम गंभीर, खरंच अडल्यासारखा. मुलाखतीनंतरचे सगळे दिवस मॅडमना आठवले. विचारलेला एकेक शब्द आठवला, आणि त्यातला एकही अवघड नव्हता.

पोरगी शब्द निवडून आणत होती. मॅडमना येतील असे.

त्यांनी पुस्तक स्वतःकडं ओढलं. दोन्ही शब्दांच्या मधल्या ओळीत एक शब्द होता. पंचशीलाचं बोट त्यावरून अलगद सरकून पुढं गेलं होतं. क्वेर्युलस. मॅडमनी तो मनात वाचला. ओळ वाचली, वरची वाचली, खालचीही वाचली. धाकटी बहीण कुणाशी तरी बोलत होती, पण कशा आवाजात ते काही केल्या उमगेना. समोर भीमाशंकर सरांच्या पेपराची सळसळ झाली.

मॅडमनी शेजारची खुर्ची पुढं ओढली. पंचशीला संकोचून तिच्या कडेला टेकली.

"आणि हा?" मॅडमनी त्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"त्यो राहू द्या, मॅडम."

"का?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला नाही येत हा," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम उतरवला नाही. तास घेताना असायचा तेवढाच ठेवला.

पेपराची सळसळ थांबली. पंचशीलानं दचकून समोर पाहिलं, आणि पुस्तकावर वाकत, मॅडमच्या अगदी कानाशी येऊन म्हणाली,

"हळू बोला, मॅडम. सर ऐकून राहिलेत."