एक वीत वर

मी जाळं बोलतोय. दचकू नका, तुमच्या पायात येणार नाही. मी आता समुद्रावर जात नाही. मिऱ्याच्या किनाऱ्यावर होड्या ठेवायची एक लांबलचक शेड आहे, तिथल्या दोन खांबांच्या मध्ये माझा मुक्काम असतो. जून-जुलैत मासेमारीला बंदी लागली की होडी शेडीत येते, आणि मला गुंडाळून वर वाशाला टांगतात. दोन महिने मी तिथं अर्धवट झोपेत लोंबकळत असतो. बाहेर समुद्र घुमत असतो. मला वाटतं मी अजून पाण्यातच आहे, भोवती बांगड्यांचा थवा फिरतोय, आणि मधूनच त्यातला एक मासा पांढरा होतो, त्याला पिसं फुटतात आणि तो माझ्या माथ्यावरून हलकेच उडून जातो.

माझा जन्म बांगड्याचं जाळं म्हणून झाला. आप्पा तेव्हा होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, होते. त्यांनीच मला दोरावर चढवलं, एकेक गाठ स्वतः मारली. नऊ वर्षं मी इमानानं पाण्यात उतरलो. पाण्यात जाळं दिसलं की मासा फिरकत नाही, म्हणून कुणाला न दिसणं एवढंच माझं कसब. मग एका सकाळी खडकात अडकून मी मधोमध फाटलो. अशा जाळ्याचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं, कोंबड्यांच्या खुराड्यावर नाहीतर पडवळाच्या मांडवावर. मीही मनाची तयारी केली होती.

पण आप्पांची नात, सलोनी, आडवी आली. तिचा बाप मालवाहू जहाजावर असतो. एका सुट्टीत त्यानं सिंगापूरहून दोन रॅकेट आणि डबाभर फुलं आणली. शटलला आमच्याकडे फूलच म्हणतात. पोर तेव्हा आठ वर्षांची. "आप्पा, मधी बांदायला जाळां पायजे," म्हणून तिनं रड लावली, आणि आप्पांनी माझा धड राहिलेला तुकडा कापला. त्याच्या माथ्यावर जुन्या चादरीची पांढरी पट्टी शिवली.

शाळेतल्या गुरुजींनी उंची सांगितली होती, पाच फूट. आप्पांनी काठीनं खांबावर पाच फुटांची खूण केली, आणि मग तिच्या वर आपला पंजा पसरून आणखी एक वीत मोजली.

"ही कशाला?" सलोनीनं विचारलं.

"जाळ्याला पोट सुटतां गो बाय. जाळां काय, माणूस काय, निवांत बसला की पोट सुटलाच समज. वीतभर वर बांदला की आपसूक खाली येल."

चाळीस वर्षं जाळी बांधलेल्या माणसाचा हिशेब होता तो. चुकला तो माझ्यामुळे. आयुष्यात पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते हो! बायका, पोरं, होडीवरचे गडी, सगळे. मी पोट आत घेतलं आणि दोर ताणून ताठ उभा राहिलो. तो काही खाली आलोच नाही. त्याच उंचीवर खांबांना दोराचे चर पडले, आणि सलोनी वीतभर उंच जाळ्यावर वाढली.

पलीकडे आप्पा उभे असायचे, लुंगी खोचून. "वर मार! आजून वर! वाशाला लाव!" असं ओरडायचे. त्यांना स्वतःला दहातलं एक फूल परतवता यायचं. पण पोरीला दुसरं कोण होतं?

बारा वर्षांची असताना ती रत्नागिरीत पहिली स्पर्धा खेळायला गेली. परत आली तेव्हा आप्पांनी विचारलं, "तिकडलां जाळां कसां व्हतां?"

"आपल्यासारकाच," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन पांढऱ्या पट्टीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, दमली असेल.

पुढं ती पुण्याला सरावाला गेली. मला तिची फुलं महिना-महिना दिसेनात. आणि या जुलैत बातमी आली की एकोणीस वर्षांची आमची सलोनी थायलंडला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळणार.

मग काय विचारता! बंदीचे दिवस, हाताला जाळी शिवण्याखेरीज काम नाही. दुपारी जेवणं उरकली की सगळे शेडीत जमायचे. बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करणारा गुरुप्रसाद आपला मोबाइल बर्फाच्या पेटीवर उभा करायचा. शेजारी सुकी मासळी विकणारी सखू. तिला नियम एकही माहीत नव्हता, पण मतं भरपूर. सलोनीची आई कमळा मोबाइलकडे पाठ करून उभी राहायची आणि दर मिनिटाला विचारायची, "किती झाले?" तिनं बघितलं की पोरगी हरते, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. आप्पा मागे बसून मान खाली घालून जाळं शिवत. मी वरून सगळं बघत होतो, डोळे मिटत, उघडत.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या चार दिवसांत शिकलो.

"ही डावखुरी जपानी बगा," गुरुप्रसाद सांगायचा. "मनगट कसां फिरवते! शेवटपर्यंत कळत न्हाय फूल खंय जाणार."

"कोलंबी हाय ती कोलंबी," सखू म्हणायची. "बगावा तवा मागं उडी. आन् ती उंच पोरगी, तिचे पाय बग. मासळीची पाटी डोक्यावर घेतली तर धा पावलांत पडंल."

"काकी, ती जगात आठवी हाय!"

"आसंल. पाटी घेतली न्हाय कंदी."

सलोनीनं दोन फेऱ्या जिंकल्या तेव्हा शेडीत नारळ फुटला. सखू ज्या पेटीवर बसली होती ती पेटी हलवायची नाही, असा फतवा निघाला. तिसरी मॅच मात्र तिनं कशीबशी जिंकली. जाळ्याजवळ टाकलेलं तिचं प्रत्येक नाजूक फूल गरजेपेक्षा उंच जायचं आणि समोरची पोरगी ते जागच्या जागी ठोकून काढायची. समालोचकही तेच सांगत होता.

"येवडी गुणाची पोर, आन् जाळ्याजवळ ही चूक," गुरुप्रसाद हळहळला. "लहानपणीच कुणीतरी वाईट वळण लावलेला दिसता. फूल विनाकारण वर उचलते."

बोलून झाल्यावर त्याची नजर खांबावरच्या चराकडे गेली. तो उठला, खिशातला मोजायचा टेप काढला आणि लावला. पाच फूट नऊ इंच.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "एक वीत जास्त हाय."

आप्पा उठले, खांबापाशी गेले आणि चरावर आपला पंजा पसरला. अकरा वर्षांपूर्वी पसरला होता तसाच. "मीच गो घात केला पोरीचा," एवढंच म्हणाले आणि घरी निघून गेले. मला वरून ओरडावंसं वाटलं, की आप्पा, अर्धा गुन्हा माझा आहे, मी ताठलो म्हणून. पण जाळ्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व फेरी. समोर तीच डावखुरी जपानी. आप्पांची जागा रिकामी. पहिला गेम सलोनी हरली, एकवीस-चौदा. जाळ्याजवळ तिची पुन्हा तीच गत झाली. दुसऱ्या गेमला शेडीच्या दाराशी सावली पडली. आप्पा आत आले नाहीत, चौकटीला टेकून उभे राहिले.

आणि मग सलोनीनं जाळ्याजवळचा खेळ सोडूनच दिला. ती फूल वर मारू लागली. वर, अजून वर, पार शेवटच्या रेषेपर्यंत. जपानी पोरगी मागं पळायची, मान वर करून ताटकळायची, परत पुढं यायची. एक फूल तर इतकं उंच गेलं की मोबाइलच्या चौकटीतून दिसेनासं झालं. शेडीतल्या सगळ्या माना त्याच्यामागे वर गेल्या, थेट वाशापर्यंत. पाठमोरी कमळाही वर बघू लागली. जणू ते फूल आमच्याच पत्र्याखाली कुठंतरी तरंगत होतं. एक क्षण सगळे माझ्याकडे बघत होते. मलाही वाटलं, ते माझ्या अगदी जवळून गेलं.

"वाशाला लावलांस गो," दारातून आप्पा पुटपुटले.

दुसरा गेम तिनं घेतला. तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झाले आणि तिथून मात्र ती हरली. कमळानं या वेळी किती झाले ते विचारलं नाही. गुरुप्रसादनं मोबाइल खिशात घातला. सखू डोळे पुसत म्हणाली, "कोलंबीला धाप लागली व्हती, बगितलांत? अशी पळवली!" पण आप्पा पुन्हा खांबाकडेच बघत होते.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, शेड मोकळी झाली. सलोनी चार दिवसांसाठी घरी आली. त्या सकाळी आप्पांनी मला खाली काढलं, माझ्या विणीतली दोन फाटकी घरं हिरव्या दोऱ्यानं शिवली. मग खांबांवर विळ्यानं नवी खूण केली, बरोबर पाच फुटांवर, आणि मला तिथं बांधलं. मला कमरेतून वाकल्यासारखं वाटलं.

सलोनी रॅकेट घेऊन आत आली आणि थांबली.

"पोरी," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "माज्या हातून चूक झाली. धा-आकरा वर्षां तुला वीतभर वर खेळवला. म्हून ती जाळ्याजवळची फुलां..."

ती खांबाकडे गेली. गाठ सोडली. दोर उचलून जुन्या चरात बसवला आणि खेचून गाठ मारली. दुसऱ्या खांबालाही तसंच.

"मला ठाऊक हाय आप्पा. रत्नागिरीला पयल्यांदा खेळले ना, तवाच कळलां."

"मंग बोललीस का न्हाय?"

"बोलले आसते तर तुमी खाली बांदलां आसतां." ती हसली. "तिकडं कोर्टावर पाऊल ठेवला की जाळां मला बुटका वाटतां. समोर कुणीबी उभा आसूं दे, भीतीच वाटत न्हाय. जाळ्याजवळचां मी शिकेन पुण्याला, ता माजा काम. हितलां वरच ऱ्हावदे."

आप्पांनी लुंगी खोचली, पलीकडे जाऊन उभे राहिले आणि नाक ओढत म्हणाले, "मार मंग. वाशाला लाव."

सात वर्षं ती पोर गप्प राहिली होती. मी तिच्या एवढ्या जवळ, तिचं बोट माझ्या पट्टीवरून फिरलं होतं, तरी मला कळलं नाही. जाळ्याला मासे कळतात, माणसं कळत नाहीत.

आता ती परत पुण्याला गेली आहे. मी मात्र इथंच आहे, त्याच चरात. दोर जुना झालाय, माथ्यावरची चादर पिवळी पडलीय. संध्याकाळी वाडीतल्या बारक्या मुली येतात, टाचा उंचावून माझ्याकडे बघतात आणि आप्पांना म्हणतात, "लय वर हाय हो!" आप्पा नुसते हसतात.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी मिऱ्याला आलात, शेडीत डोकावलात आणि हातात मोजायचा टेप असलाच, तर तो खिशातच राहू द्या. मी वीतभर वर आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी चुकून बांधलं होतं, आता सलोनीनं स्वतःच्या हातानं बांधलंय, आणि ती गाठ सुटेपर्यंत मी पोट आत घेऊन उभा राहणार आहे.