पफिनची काळी पाठ

गोणपाट दिसलं की केझायाचे हात शिवशिवायचे. ते लाकडी चौकटीवर ताणायचं, जुन्या कपड्यांच्या चिंध्या कापायच्या आणि आकडीनं एकेक चिंधी खालून वर ओढून फासे काढत जायचं. फाशाला फासा लागत गेला की झालं पायपुसणं! कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर हे काम घरोघरी चालायचं, पण केझाया आधी काही आखायचीच नाही. मूस, म्हणजे तिकडचं रुंद शिंगांचं थोरलं हरीण, काढायला बसायची आणि मध्येच एखादी लाल चिंधी आवडली म्हणून त्याच्या हातात किटली द्यायची.

"मूसला हात असतात?" पॉप, म्हणजे तिचे आजोबा, विचारायचे.

"किटली धरायची तर लागणारच ना!"

घरात दोघंच. बाबा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, अधूनमधून घरी यायचे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी स्टोव्हपाशी पॉप पेंगायचे आणि केझायाची आकडी चालायची. शाळेत कोणी विचारलं तर ती आता बिनधास्त सांगायची, "मी पायपुसणी करते. हो, पायपुसणी. हसा!"

मग एक दिवस ड्रू आत्यानं किटलीवाला मूस पाहिला. आत्याचं धक्क्यावर पर्यटकांसाठी दुकान होतं.

"केझ, अगं, हातात कला आहे तुझ्या! आणि ती पायाखाली घालतेस?"

"पायपुसणं आहे ते, आत्या."

"पायपुसणं म्हणू नकोस. भिंतीवर लावायची हस्तकला म्हण. उन्हाळ्यासाठी मला डझनभर पफिन दे. मूस नको, किटली नको. नारिंगी चोच, पांढरं पोट, काळी पाठ. त्या पक्ष्यापायी लोक वेडे होतात. कॉलेजची सोय होईल तुझ्या, पोरी!"

केझायाला असा काही हुरूप चढला! बातमी वस्तीभर झाली. पोस्टातल्या बाई तिला "उद्योजक" म्हणू लागल्या. पहिला पफिन तिनं गाणी म्हणत केला. दुसऱ्याची चोच जरा हसरी झाली, तर आत्यानं तो परत पाठवला. सगळे सारखे हवेत म्हणे. तिसरा करताना ती घड्याळाकडे बघत होती. आणि नंतर तर चक्क रसायनशास्त्राच्या वह्या काढून बसू लागली.

पॉपनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. मग अभ्यास का करतेयस?"

एका रविवारी तिनं फक्त स्वतःसाठी नवं गोणपाट ताणलं. आकडी हातात घेतली आणि मनात पहिला विचार आला, हे कोण विकत घेईल?  आजवर पुढच्या फाशाला काय होणार, हे तिचं तिलाही ठाऊक नसायचं, आणि सगळी गंमत त्यातच तर होती. ती गंमत कायमची गेली तर? तिनं गोणपाट काढून टाकलं आणि चौथा पफिन पुढे ओढला.

शुक्रवारी काळ्या चिंध्या संपल्या. खुर्चीवर काहीतरी काळं, लोकरी पडलं होतं. तिनं ते उचललं आणि कात्री चालवली.

शनिवारी सकाळी पॉप पायजम्यातच स्वयंपाकघरात आले. "केझ, माझी मयताची पँट कुठाय? खुर्चीवर ठेवली होती, बटण लावायला."

तिथल्या म्हाताऱ्यांकडे काळी पँट एकच असायची, लग्नाला तीच आणि मयतालाही तीच. आणि त्या दिवशी पॉपच्या लहानपणापासूनच्या दोस्ताला, लिअँडरला पुरायचं होतं.  केझायानं चौकटीकडे बोट दाखवलं. पँटचा एक पाय पफिनच्या पाठीवर चढला होता.

पॉप चौकटीवर वाकले. "म्हणजे आता लिअँडरच्या मयताला मी पक्षी गुंडाळून जाऊ?"

"पॉप, मी बघितलंच नाही! कापताना कपड्याकडे बघितलंसुद्धा नाही!"

बोलता बोलता तिचं तिलाच ते ऐकू आलं. एरवी कोणती चिंधी कोणाच्या बाहीची, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

पॉप तपकिरी पँट घालून गेले.  केझाया पँटचा उरलेला पाय मांडीवर घेऊन बसली. ही पॉपची, कडक इस्त्रीची, गुडघ्यावर किंचित चकाकणारी. आणि तिला खुदकन हसूच आलं. पाठीपुरतंच कशाला? तिनं पफिनला पँटच चढवली! इस्त्रीची घडी केली, खांद्यावरून जाणारे पट्टे केले, एक बटण लोंबकळत ठेवलं. शनिवार गेला, रविवारची दुपारही गेली. जेवायची शुद्ध नव्हती.

रविवारी संध्याकाळी आत्या आली आणि दारातच किंचाळली. "अगं बाई! पँट घातलेला पफिन! हा तर हातोहात खपेल. असेच डझनभर…"

डझनभर पँटी केझायाच्या डोळ्यांपुढे रांगेनं उभ्या राहिल्या. तिनं पायपुसणं चौकटीवरून सोडवलं आणि स्टोव्हपुढे जमिनीवर अंथरलं.

"आत्या, मी आता पफिन करणार नाही. पँटवाले पण नाही. काहीच विकायला करणार नाही."

"आणि कॉलेज?"

"उन्हाळ्यात तुझ्या दुकानात गल्ल्यावर बसते. फ्रिजवर लावायची चुंबकं विकते, पर्यटकांशी गोड बोलते. त्याचा पगार दे. हे मात्र माझं."

आत्यानं पॉपकडे पाहिलं.

"मला मध्ये घेऊ नकोस," पॉप म्हणाले. "माझी पँट गेलीय."

"पाय ठेव, आत्या," केझाया म्हणाली.

आत्याच्या बुटांना बर्फ आणि तो वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ चिकटलेलं होतं. एकदा पाय पडला की ते पायपुसणं दुकानात ठेवता येणार नव्हतं, हे तिला चांगलं कळत होतं. ती पुटपुटली, "चांगल्या वस्तूची माती!" मग आधी नुसता चवडा टेकवला. मग तोल जाऊ नये म्हणून दोन्ही पाय.

"आता चहा तरी टाकशील," पफिनवर उभी राहूनच ती म्हणाली, "की त्यालाही तुझं मन लागावं लागतं?"