कुलपातली परिषद

मी पेटी बोलतेय. पत्र्याची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली, दोन्ही अंगांना उचलायच्या कड्या असलेली. आवाज माझा मुळातच कर्कश, आणि जे सांगायचंय तेही काही गोड नाही. गोड ऐकायचं असेल त्याने एखाद्या बासरीला विचारावं.

मला बनवून घेतलं थोरल्या सरांनी. अर्थशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक, बारा महिने एकच राखाडी कोट. त्या भागात आठ महाविद्यालयं आणि एक विद्यापीठ. समग्रलक्षी अर्थशास्त्रावर, म्हणजे अख्ख्या देशाच्या किमती, रोजगार आणि उत्पन्न यांवर, डोकं खपवणारी माणसं त्यांत विखुरलेली. पंधरा मैलांवरचा काय करतोय याचा दुसऱ्याला पत्ता नाही. सरांनी ठरवलं, वर्षातून दोन दिवस सगळ्यांनी एका छपराखाली बसायचं, आपापले निबंध वाचायचे आणि एकमेकांच्या चुका काढायच्या. यजमान दरवर्षी नवा. ज्याची पाळी, त्याच्याकडे पेटी. नियम एवढाच, तोही तोंडी.

रंगाऱ्याने झाकणावर 'समग्रलक्षी' हा शब्द इतका ऐसपैस लिहिला की 'परिषद' लिहायला जागाच उरली नाही. तो शब्द त्याने कडेला उभा केला, एकाखाली एक अक्षर. पहिल्याच दिवशी सगळे हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या लोकांना जागेचा अंदाज नसतो आणि वेळेचा तर त्याहून नसतो.

माझ्या पोटात सभासदांच्या पत्त्यांची वही, कापडी फलक, नावांच्या चिठ्ठ्या, टाचण्या, अध्यक्षांची घंटी आणि तळाशी थोरल्या सरांनी ठेवलेला जुन्या नोंदींचा गठ्ठा असा संसार असायचा. पंधरा वर्षं मी गावोगाव फिरले. माणसं जवळून पाहिली, आणि जितकी पाहिली तितकी मनातून उतरली. "माझा प्रश्न नाही, छोटीशी टिप्पणी आहे" म्हणून उभा राहणारा अकरा मिनिटं बसत नाही. आपला निबंध वाचून झाला की दुसऱ्याच्या निबंधाआधी गाडी पकडणारे तर पैशाला पासरी. बेरोजगारीवर तावातावाने बोलणारे खुर्च्या मांडणाऱ्या शिपायाचं नावही विचारत नाहीत. देशाचं भाकीत करतात, आणि जेवणाला किती पानं लागतील ते एकदाही बरोबर सांगता येत नाही.

तरी परिषद चालली. थोरले सर होते तोवर कुणाची मिजास चालली नाही. ते गेले आणि विद्यापीठाचे विभागप्रमुख पुढे झाले. मागून सगळे त्यांना 'महागाई सर' म्हणत, कारण वीस मिनिटं दिली की त्यांचं भाषण चाळीसवर जायचं आणि एकदा चढलं की खाली यायचं नाव नाही. त्यांनी स्वतःला कायम सचिव म्हणवून घेतलं. कुणी विरोध केला नाही. विद्वान माणसं भांडतात ती दशांश चिन्हावरून. खुर्ची कुणी ओढून नेली तर उभ्याने पाहत राहतात.

सोळावी परिषद विद्यापीठातच भरली. समारोपाला सरांनी किमती उतरल्यात असं सांगणारा आपला मोठा निबंध वाचला. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक प्राध्यापिका उठल्या. डोंगराकडच्या सगळ्यात लहान महाविद्यालयातल्या, पुढच्या वर्षीचं यजमानपद त्यांच्याकडे जायचं होतं. कुठलाही निबंध हातात आला की त्या आधी तक्ते वाचत, म्हणून त्यांना 'तक्तेवाल्या बाई' म्हणत.

त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तिसऱ्या तक्त्यात मध्येच पायाभूत वर्ष बदललंय का?"

सरांनी तक्ता पाहिला. छपाईची चूक असेल म्हणाले.

"छपाईची असती तर निष्कर्ष तसाच राहिला असता," बाई म्हणाल्या. "पहिल्या पाच वर्षांच्या किमती जुन्या मापाने मोजल्यात आणि पुढच्या नव्या. माप एकच धरलं, तर किमती उतरल्याच नाहीत. वाढल्यात."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. चूक सरांनी एक वेळ पोटात घातली असती. ते हसू त्यांना पचलं नाही. मी मंचावरच होते. टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या अंगावर टकटक आपटत होता.

रीतीप्रमाणे त्याच संध्याकाळी मला बाईंच्या गाडीत ठेवायचं होतं. सरांनी शिपायाला सांगून मला त्यांच्या खोलीत नेलं, कपाटाशेजारी ठेवलं आणि मला नवंकोरं कुलूप घातलं. माझ्या जन्मात मला कुलूप नव्हतं.

दोन महिन्यांनी बाई स्वतः आल्या, महाविद्यालयाचं पत्र घेऊन. सरांनी बसा म्हटलं नाही. मान खाली घालून वाचत राहिले, पान मात्र उलटत नव्हते. मग विचारलं, तुमच्याकडे सभागृह तरी आहे का. बाई म्हणाल्या, व्यायामशाळा आहे, एकशे चाळीस खुर्च्या मावतात, मी लावून पाहिल्यात.

"परिषद म्हणजे कसरत वाटली का तुम्हाला?"

"सर, पेटी द्या. थोरल्या सरांचा नियम आहे."

"थोरले सर आता नाहीत," ते म्हणाले. "पेटी आहे. आणि ती माझ्याकडे आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाईंचा चेहरा असा झाला की आता काहीतरी ताडकन बोलतील. पण पत्र टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. दार त्यांनी लावलं नाही. सरांना उठून लावावं लागलं.

त्याच आठवड्यात सरांनी सगळ्या सभासदांना पत्र धाडलं. अपरिहार्य कारणास्तव डोंगराकडची परिषद रद्द, त्याच तारखांना ती विद्यापीठात भरेल. हे पत्र टाइप केलं काकूंनी. काकू म्हणजे विभागाच्या टायपिस्ट. सोळा परिषदांची निमंत्रणं, वेळापत्रकं, कुणाला कुठे उतरवायचं, कुणाला जिना चढवत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. आभाराच्या पानावर मात्र दरवर्षी 'आणि कार्यालयीन कर्मचारी'. त्यांनी पत्र टाइप केलं, एक चूक न करता. सरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सर जेवायला गेले आणि काकू आत आल्या. एका हातात विभागाच्या किल्ल्यांचा जुडगा, माझ्या कुलपाची दुसरी किल्लीही त्यातच, दुसऱ्यात टाइपरायटरच्या तेलाची चपटी बाटली. माझी बिजागरी एरवी दोन खोल्या पलीकडे ऐकू जाते. काकूंनी आधी तिला तेल घातलं, मग कुलूप काढलं. पत्त्यांची वही गुडघ्यावर घेऊन उतरवायला बसल्या. रोज अर्धा तास, असे चार दिवस. एकदाही दाराकडे पाहिलं नाही. मीच धास्तावले होते. पाचव्या दिवशी त्यांनी वही होती तशी ठेवली, कुलूप लावलं, झाकणावरचा तेलाचा डाग पदराने पुसला.

परिषदेचा दिवस उजाडला. मला मंचावर मानाने ठेवलं. दोनशे खुर्च्या, आणि माणसं अकरा. चौघं विभागातलीच. तिघांच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. दोघं सरांच्या वर्गातले जुने मित्र. एकाला लघुलेखकांची सभा हवी होती, तो चहा पिऊन गेला. अकरावा झोपला, तो कोण होता मला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांनी तरीही भाषण पूर्ण केलं, पाऊण तास. तिसरा तक्ता त्यांनी गाळला होता. घंटी वाजवायची हिंमत कुणाला झाली नाही.

काकू त्या दिवशी रजेवर होत्या. त्या डोंगराकडच्या व्यायामशाळेत होत्या, नोंदणीच्या टेबलापाशी. बाईंनी सगळ्या सभासदांना निमंत्रणं धाडली होती, आणि तिकडे शहाऐंशी माणसं आली होती. घंटीऐवजी पेल्यावर चमचा वाजवत होते, फलक बाईंच्या मुलीने जुन्या चादरीवर रंगवला होता, आणि बाईंनी स्वतःचा निबंध वेळ पुरेना म्हणून मागे घेतला. हे सगळं सोमवारी विभागातला एक तरुण प्राध्यापक दुसऱ्याला दाराबाहेर सांगत होता. हळू आवाजात, पण मला ऐकू आलं. सरांनाही आलं.

त्यांनी काकूंना आत बोलावलं. आवाज चढवला नाही. पत्ते कुठून गेले, एवढंच विचारलं.

"माझ्या हातून," काकू म्हणाल्या.

"बावीस वर्षं या विभागात बसलात. तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली. ते रद्दचं पत्र टाइप करताना वाटली. पत्ते त्या माणसांचे होते, सर. तुमचे नव्हते."

सरांनी त्यांच्या नोकरीच्या नोंदवहीत शेरा मारला आणि परीक्षा विभागाच्या तळघरात त्यांची बदली केली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती काकूंनी तिथे दिव्याच्या उजेडात जुन्या उत्तरपत्रिकांच्या याद्या करण्यात काढली. दम्याचा त्रास तिथेच सुरू झाला. बाईंनी कुलगुरूंना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. मी पत्र्याची आहे, खोटी नाही.

पुढच्या वर्षी सरांच्या परिषदेला पाच निबंध आले. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. तिकडची मात्र या गावातून त्या गावात जात राहिली, पेटीवाचून. हे मला फार लागलं, सांगून टाकते. मला वाटायचं, मी नसले तर सगळं अडेल. कुणाचं काही अडलं नाही. सर आणि मी, दोघंही एकाच भ्रमात होतो. फक्त मला त्याची लाज वाटली.

निवृत्त झाले तेव्हा सर मला घरी घेऊन आले. कुणी अडवलं नाही, कारण मी कुणाला नकोच होते. आता मी मागच्या खोलीत आहे, इस्त्रीच्या टेबलाखाली. परवा त्यांच्या बायकोने खोलीला रंग द्यायचा म्हणून पसारा काढला आणि मला पायाने पुढे सरकवलं.

"अहो, ही भंगारात देऊ का?"

सर दारात आले. "हात लावू नकोस. परिषद आहे ती."

बायको चाळीस वर्षं त्यांची भाषणं ऐकलेली. तिने माझ्यावरची धूळ बोटाने काढली, बोट पाहिलं. "परिषद दरवर्षी भरते, तिकडे," ती म्हणाली. "तुमच्याकडे पत्रा आहे."

सर वर्तमानपत्र घेऊन माझ्यावरच बसले. वजन बरंच आहे. झाकणाला खोलगट बाक आलाय, 'समग्रलक्षी' मधोमध दबलंय.

तर तुम्ही, हे वाचणारे, ऐका. माझ्या तळाशी थोरल्या सरांच्या विद्यार्थ्याने केलेल्या किमतींच्या नोंदी आहेत. नऊ वर्षं दर आठवड्याला बाजारात उभं राहून त्याने त्या टिपल्या. तो आता हयात नाही, दुसरी प्रत नाही. कसर लागलीय. तिसरं वर्ष ती खाऊन बसली, चौथ्याच्या कडा कुरतडतेय. रात्रंदिवस मला ते ऐकू येतं. तुमच्यापैकी कुणी डोंगराकडे जात असाल तर तक्तेवाल्या बाईंना एवढं कळवा.

मला नेऊ नका. मला आता कुठल्याही गावाची हौस नाही. कुलूप तोडा, कागद काढा आणि मला खुशाल भंगारवाल्याच्या हातोड्याखाली द्या. आणि आलात तेव्हा हा माणूस वर बसलेला असला, तर आधी त्याला उठायला सांगा. मी सांगून थकले, तो ऐकत नाही.