वाकणं वेगळं, पडणं वेगळं

धप्प!

मी ऐकलेला हा पहिला आवाज. फार जुनी गोष्ट आहे, पण अजून कानात आहे. वाळू भरलेल्या एका बाहुल्याच्या कमरेला मला बांधलं होतं आणि तो गादीवर पडला होता. मग त्याला उभं केलं, पुन्हा धप्प. माझं सगळं बालपण असं पडण्यात गेलं.

मी एक कमरेचा पट्टा बोलतोय. दिसायला साधा, करड्या कापडाचा. पोटात मात्र चिमुकलं यंत्र आहे. म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला लागला की मी कमरेशी थरथरतो, म्हणजे ते सावध होतं. तरीही ते पडायलाच लागलं, तर माझ्यातून हवेच्या उशा फटकन फुगतात आणि हाडं वाचतात.

मला घडवलं शिओरी नावाच्या मुलीने. बाहुल्यानंतर तिने कॉलेजची धडधाकट पोरं आणली. तीही हसत हसत गादीवर पडायची. माणसं कशी पडतात, हे मला तोंडपाठ झालं. आता आपल्याला सगळं येतं, असं वाटायचं मला. त्या वयात वाटतंच.

मग वापरून बघायला म्हणून मला टोकियोपासून लांब, डोंगरातल्या एका गरम झऱ्याच्या गावी पाठवलं. तिथे तोमे-आजी एकट्या एक छोटी सराई चालवायच्या. पाहुणा निघाला की दारातल्या दगडी पायरीवर उभं राहून कमरेतून खोल वाकायचं आणि तो वळणाआड जाईपर्यंत वाकलेलंच राहायचं, ही त्यांना सासूने लावलेली शिस्त. मागच्या हिवाळ्यात असंच वाकताना पाय सरकला आणि मनगट मोडलं. मुलगा केइजी टोकियोहून धावत आला होता.

"आई, पुन्हा एकदा जरी पडलीस ना, तर सराईला कुलूप आणि तू वृद्धाश्रमात. आत्ताच सांगून ठेवतो."

"याच पायरीवरून तू लहानपणी रोज पडायचास. मी धाडलं का तुला कुठे?"

केइजी हसला नाही. म्हणून आजींनी मला मुकाट्याने बांधून घेतलं.

पहिल्याच सकाळी एक जोडपं निघालं. आजी पायरीवर आल्या आणि वाकल्या. गेली, म्हातारी गेली! मी जिवाच्या आकांताने फुगलो. फटाक!

किमोनोतल्या आजी फुगलेल्या माशासारख्या दिसायला लागल्या. पाहुणीने तोंडाला रुमाल लावला.

"पडून मेले असते तर बरं झालं असतं," आजी मला म्हणाल्या, "तू तर मला लाजेने मारलंस." आणि त्यांनी मला लोणच्याच्या खोलीत खिळ्याला टांगलं. मुळ्याच्या लोणच्याचा वास मला तिथे लागला, तो कायमचा.

बऱ्याच दिवसांनी शिओरी आली.

"पोरी, तुझं लेकरू फार भित्रं आहे गं," आजींनी तक्रार केली.

शिओरीने मला स्वतःच्या कमरेला बांधलं. ती चालली, बसली, मुद्दाम अडखळली. मी शहाण्यासारखा वागलो. "बिघाड तर काहीच नाही, आजी," ती म्हणाली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेबांचा होता. शिओरी ताठ उभी राहिली.

"हो साहेब. चूक माझीच, साहेब. माफ करा, साहेब!" आणि समोरच्या भिंतीला तिने कमरेतून वाकून नमस्कार घातला.

फटाक!

आजी हसून हसून चटईवर बसल्या. "अगं, साहेब काय भिंतीत राहतात तुझे?"

फुगलेली शिओरी कपाळावर हात मारून म्हणाली, "आजी, आपण फोनवरसुद्धा वाकणारी माणसं. याला चालायला शिकवलं, पडायला शिकवलं. वाकायला कुणीच शिकवलं नाही!"

मग त्या दोघी रोज पायरीवर शेजारी शेजारी वाकू लागल्या. कधी मी हिच्या कमरेला, कधी तिच्या. "नीट वाक. सुई शोधतेस का?" आजी टोमणा मारायच्या. हळूहळू मला कळत गेलं. वाकताना कंबर मागे जाते आणि पावलं जमीन धरून असतात. पडताना आधी पावलंच दगा देतात.

आता माझं कापड विरलंय, पण जागा तीच आहे, आजींच्या कमरेला. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी आलं, तर एका चुकीपायी खिळ्याला टांगू नका. तुम्ही कसे जगता, ते आधी आम्हाला शिकवा. आम्ही तुमचं फक्त पडणंच शिकून आलेलो असतो.

काल केइजी येऊन गेला. निघताना पायरीखाली उभं राहून तो दर वेळी म्हणतो, "पुढच्या वेळी वृद्धाश्रमाचं ठरवूनच टाकू." कालही ते म्हणायला तो वळला. तोवर आजी वाकल्याही होत्या.

"आई, मुलापुढे कुणी वाकतं का?"

"मुलगा घरात. पायरी उतरलास की पाहुणा."

हे वाकणं होतं, म्हणून मी फुगलो नाही. तेवढ्यात ओल्या पानावरून आजींचं पाऊल सरकलं. मी थरथरलो. आजींचा हात झटकन दाराच्या खांबाला गेला. त्या सावरल्या. केइजी धावत पुढे आला होता, त्याचा हात हवेतच राहिला.

आजींनी किमोनोची गळपट्टी सारखी केली आणि पुन्हा वाकल्या, पहिल्याइतक्याच खोल.

केइजीने पिशवी खाली ठेवली आणि त्या पायरीसमोर तोही कमरेतून वाकला. मग त्याने पिशवी उचलली आणि वृद्धाश्रमाचं नावही न काढता तो वळणाकडे चालू लागला.