टाकी सफाईचं लेबल

ज्या साली श्रीमंत मुकादमाने पोराच्या, करणच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या गावाला वाटली आणि पोटच्या लेकीला, आरतीला दिली नाही, ते साल दोन हजार चोवीस. आरती नवरा सोडून आली होती. असली करवली मांडवात नको, असं श्रीमंत चार माणसांत म्हणाला. पत्रिकेत तिचं नावही छापलं नाही. करण तेवढा हळदीच्या अंगाने चोरून येऊन तिला लाडू देऊन गेला.

आरती कर्जतकडच्या एका खासगी साखर कारखान्यात संगणकावर होती. मळीच्या टाक्या धुऊन द्यायचं कंत्राट तिथेच श्रीमंतकडे होतं. बापलेक एकाच फाटकातून आत जायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

दसरा झाला आणि वरून हुकूम आला, की प्रत्येक कागदाला आणि मोबाईलवरच्या प्रत्येक कामाच्या गटाला लेबल लावायचं. एक खुलं, एक कंत्राटदारांसह, एक गोपनीय. गोपनीय लावलं की कारखान्याच्या पगारावर नसलेला माणूस गटातून आपोआप बाहेर पडायचा. त्याला आतला एकही कागद उघडायचा नाही. तिच्या खात्याच्या रामहरी साहेबांनी आरतीला बजावलं, की फळ्यावर सूचना लिहिणं आता बंद, सगळं गटावरच येणार, तेव्हा कुठल्या गटात कोण आहे ते बघून लाव.

‘टाकी सफाई’ गटात बाहेरचं नाव एकच होतं. ते तिने दोनदा वाचलं आणि गोपनीय निवडलं. एक सदस्य बाहेर जाईल, चालेल का, असं पडद्यावर आलं. तिने चालेल दाबलं आणि डबा उघडला. करणच्या लग्नापासून पहिल्यांदा तिला घास गोड लागला.

तिसऱ्या दिवशी श्रीमंत खिडकीशी आला. त्याने मोबाईल काचेला लावला.

“आरते, ह्यात काय उघडंना. उद्या तीन नंबरात मानसं उतरवायचीत. बघ जरा.”

“अर्ज द्या मुकादम. साहेबांची सही आणा. आठ दिवस लागतील.”

“अगं, बाप हाय मी तुझा.”

“पत्रिकेत तसं छापलं न्हवतं.”

मागे उभी असलेली दोन माणसं हसली. श्रीमंतने मोबाईल खिशात टाकला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. साहेबाकडे जायचं, तर लेकीने हाकललं हे सांगावं लागणार होतं. तो तसाच निघून गेला.

संध्याकाळी गटावर सूचना पडली. तीन नंबरच्या टाकीत विषारी वायू आहे, तपासणी होईपर्यंत कोणी उतरू नये. नऊ जणांनी वाचल्याची खूण दिसत होती. त्यातली एक आरतीची. बापाचा नंबर तिला पाठ होता. येईल उद्या परत नाक घासत, असं म्हणून तिने मोबाईल पालथा ठेवला.

सकाळी श्रीमंतचे दोन मजूर आलेच नाहीत. काम अडू नये म्हणून बापाच्या हाताखाली असलेला करण स्वतः उतरला. शिडी संपायच्या आतच त्याचा हात सुटला.

चौकशी झाली. लेबल कोणी लावलं, कधी लावलं, ते अहवालात तारीख-वेळेसह होतं. रामहरी साहेबांनी तो आरतीच्या संगणकावर पाठवला. कारखान्याची अब्रू जाईल आणि तुझी नोकरीही, ते शांतपणे म्हणाले, ह्याला पण लेबल लाव. तिने लावलं. गोपनीय.

दिवाळी सरल्यावर श्रीमंत पुन्हा त्या खिडकीशी आला. डोक्यावर नुकतेच खुंट फुटत होते. ह्या खेपेला त्याने तिला नावाने हाक मारली नाही.

“म्याडम, माझ्या पोराचा कागुद बघायचा हुता. तुमी म्हनाल तिथं सही करतो.”

आरतीने पडद्यावरची नजर काढली नाही. अर्जाचा कोरा कागद तिने काचेखालून पुढे सरकवला. श्रीमंत तिथेच उभ्याने तो भरायला लागला. मयताचं नाव, तारीख, ठिकाण.

करण श्रीमंत, वय चोवीस, लग्नाला पाच महिने, मंगळवार दिनांक बावीस ऑक्टोबर दोन हजार चोवीस रोजी सकाळी दहाच्या सुमारास मळीच्या तीन नंबर टाकीत वारला.