पाहुण्यांचा कोपरा

"पाहुण्यांना सवलत द्यायचीच कशाला, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा," असं म्हणत टायरवाल्याने टेबलावर थाप मारली आणि चहाचे कप हलले. बैठक त्याच्याच दुकानाच्या माळ्यावर भरली होती, त्यामुळे टेबल त्याचं, कप त्याचे आणि आवाजही बहुतेक त्याचाच होता.

विषय साधा होता. हंगामाचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या शहराच्या संघाशी होता. घरच्या प्रेक्षकांना तिकीट अर्ध्या दरात द्यायचं, हे क्लबाने ठरवलं होतं. पाहुण्या संघाच्या लोकांनाही तसंच द्यायचं की त्यांच्याकडून पूर्ण दर घ्यायचा, हे मात्र चाहत्यांच्या मंडळाने ठरवावं, असं पत्र आलं होतं. आपण सवलत दिली तर पुढच्या हंगामात पलीकडचा क्लबही आपल्या लोकांना ती देईल, असंही पत्रात होतं. क्लबाच्या साहेबांना वाईटपणा नको होता. चाहत्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून ते मोकळे झाले होते.

बसकंडक्टर सवलतीच्या बाजूने बोलत होता. आपणही तिकडे जातो, पूर्ण पैसे मोजतो आणि खांबाआडून अर्धं मैदान बघतो, असं त्याचं म्हणणं. सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली की तो कोपरा एरवी रिकामाच असतो, रिकाम्या खुर्चीने आजवर कुणाचं भलं केलंय? टायरवाला दोघांना पुरून उरत होता. गेल्या वर्षी तिकडे आपल्या लोकांना प्यायला पाणी नव्हतं, आपल्या झेंड्यावर कुणीतरी चिखलाचे बूट पुसले होते, हे सगळं त्याला तारीखवार पाठ होतं.

मास्तर गप्प बसला होता. हे नवलच, कारण मैदानावर पहिली घोषणा त्याच्याच गळ्यातून निघायची. शाळेशी त्याचा काही संबंध नव्हता. तो कवळ्या करायचा. एका अरुंद खोलीत, तीन दंतवैद्यांकडून आलेले प्लास्टरचे जबडे फळीवर मांडून, तो मेणात एकेक दात बसवायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं, कारण आभार डॉक्टरांना मिळायचे. त्याला ओळख होती ती मैदानावर. एकतीस वर्षं तीच पायरी, तीच खुर्ची. मंडळाचा सर्वांत जुना सभासद तोच.

आणि म्हणूनच आज सगळं त्याच्यावर येऊन ठेपलं होतं. मंडळात मत द्यायची एक रीत होती. चिठ्ठी नाही, हात वर करणं नाही. सर्वांत जुन्या सभासदाने उभं राहून मोठ्याने मत सांगायचं, मग त्याच्यानंतरच्याने, असं शेवटच्या माणसापर्यंत. पहिल्याच्या विरुद्ध आजवर कुणी गेलं नव्हतं. याला ते मान म्हणत. खरं तर तो आळस होता, आणि थोडी भीतीही. पण हे सांगणार कोण?

मास्तरचा एकुलता एक मुलगा पलीकडच्या शहरात बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होता. तिथेच लग्न झालं, तिथेच बिऱ्हाड केलं, इथवर ठीक. पण चार वर्षांपूर्वी त्याचा एक फोटो आला. गळ्यात त्या लोकांच्या रंगाचा मफलर, तोंड आ वासून घोषणा देतोय. मास्तरने फोनवर सांगितलं, तो रंग अंगावर आहे तोवर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. मुलगा बापावरच गेला होता. त्याने खरंच ठेवलं नाही. अडीच वर्षांपूर्वी नात झाली, ती मास्तरने बायकोच्या फोनच्या काचेवर पाहिली, तीही चोरून, बायको आंघोळीला गेल्यावर. मंडळात त्याने सांगून ठेवलं होतं की मुलगा जहाजावर नोकरीला लागला. ते जहाज चार वर्षांत एकदाही बंदराला लागलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी मुलाचाच फोन आला. तिकीट अर्ध्या दरात मिळालं तर कारखान्यातले लोक बायकामुलांना घेऊन येणार होते, त्यासाठी वेगळी बस ठरत होती. नाहीतर नेहमीचे पुरुष तेवढे नेहमीच्या बसने.

"घरी नाही येत मी, बाबा. तुमचा शब्द मी मोडणार नाही," तो म्हणाला. "पण छोटीला आणतो. आईला घेऊन तुम्ही कुंपणापाशी या."

तिकिटाच्या फरकाचं एवढं काय, तो मास्तरने एका कवळीत भरून काढला असता. पण मुलाने तो घेतला नसता, आणि मास्तरनेही तोंड उघडून देऊ केला नसता. दोघांनाही निमित्त हवं होतं, आणि स्वस्त तिकिटाइतकं सोयीचं निमित्त पुन्हा मिळणार नव्हतं. मास्तर "बघू" म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दुपारी त्याने डाव्या दाढा उजवीकडे बसवल्या, आणि इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा दंतवैद्याकडून कवळी परत आली.

बायकोने मात्र तयारीच केली. ती जन्मात कधी मैदानावर गेली नव्हती. "त्या गोंगाटात मला काही कळणार नाही, पण येते," ती म्हणाली. आणि मग भाकरी थापावी तशा सहज आवाजात, "तिथे तुम्हीच पहिलं बोलता ना? मग एक शब्द बोला. त्या लोकांसाठी जन्मभर घसा कोरडा केलात, आता एकदा माझ्यासाठी करा."

तो शब्द मास्तरने पाठ करून आणला होता. 'दोघांना एकच दर.' एवढंच. कारण कुणी विचारलंच तर खेळ मोठा आहे वगैरे काहीतरी सांगायचं.

पण मतदानाआधी टायरवाला पुन्हा उभा राहिला. "एक सांगतो," तो म्हणाला. "ज्याला पलीकडच्यांचा एवढा पुळका येतोय, त्याचं कुणीतरी त्या कोपऱ्यात बसत असणार. त्याने आधी नाव सांगावं, मग मत द्यावं."

माळाभर हशा पिकला. सगळ्यांत आधी मास्तर हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने.

"चला मास्तर, करा सुरुवात."

तो उठला. समोर एकोणीस तोंडं. या तोंडांशिवाय त्याला दुसरा गोतावळा नव्हता. आता नाव सांगायचं म्हणजे जहाज बुडवायचं, चार वर्षांचं खोटं कबूल करायचं, आणि उद्यापासून आपल्याच पायरीवर चोरासारखं बसायचं.

"पाहुण्यांना पूर्ण दर," मास्तर म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की त्याला गप्प बसता येत नसे. "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं," त्याने पुस्ती जोडली.

कंडक्टर दुसरा. तो मास्तरकडे बघून म्हणाला, "मास्तर म्हणतात तसंच." नर्सने मान खाली घालून तेच म्हटलं. पुढचे सगळे भराभर म्हणत गेले. पाच मिनिटांत काम आटोपलं.

जिन्यात कंडक्टरने त्याला गाठलं. कंडक्टरची बहीण पलीकडे दिली होती. तिची मुलं येणार होती.

"मला वाटलं होतं, तुम्ही तरी हो म्हणाल," तो म्हणाला. "तुम्ही हो म्हणाला असता तर आम्ही अकरा जण होतो. मी एकेकाशी बोलून ठेवलं होतं."

"मग तू का नाही हो म्हणालास?"

"तुमच्यानंतर?" कंडक्टरने विचारलं. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. दोन पायऱ्या उतरून तो वळला. "तुमचं बरं आहे. तुमचा मुलगा जहाजावर."

मास्तर कठडा धरून उभा राहिला. अकरा जणांना हवं होतं, आणि त्याने एकट्याने ते घालवलं होतं. टायरवाल्याला शिव्या घालाव्यात तर तोंड टायरवाल्याचं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. हे दातांचा धंदा करणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं.

घरी बायको दारातच होती. काय झालं, असं तिने विचारलं, आणि सगळे नाही म्हणाले, असं त्याने सांगितलं.

"सगळ्यांचं नाही विचारलं मी," ती म्हणाली.

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने त्याचं ताट वाढलं, बाहेर काढून ठेवलेली चांगली साडी परत कपाटात ठेवली आणि मुलाला फोन लावायला दुसऱ्या खोलीत गेली. दार तिने लोटून घेतलं. बायकामुलांची बस रद्द झाली होती. मुलगा एकटा येणार होता, नेहमीच्या बसने, पूर्ण दर भरून.

सामन्याच्या दुपारी घरच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या कोपऱ्यात जाळीमागे सत्तर-ऐंशी पुरुष बसले होते, सगळे एकाच रंगात. मास्तरला लांबचं कमी दिसायचं. रोज वीतभर अंतरावरचे दात बघणारे डोळे ते. तो एकेका ठिपक्यावर नजर ठेवायचा आणि ठिपका उठून दुसरीकडे जायचा.

पहिला गोल आपला झाला. टायरवाला खुर्चीवर चढला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडला, "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं!" ओळ लोकांच्या तोंडात बसली. या पायरीवरून त्या पायरीवर गेली आणि बघता बघता पाच हजार माणसं एका ठेक्यात म्हणू लागली. टायरवाल्याने मास्तरच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगितलं की ही ह्यांची ओळ, ह्यांनी दिली. लोकांनी वळून हात केले. आयुष्यभरात मास्तरची एवढी मोठी घोषणा झाली नव्हती. तो ओठ हलवत राहिला. आवाज फुटत नव्हता, आणि त्या गदारोळात ते कुणाला कळलंही नाही.

सामना जिंकला. रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना अर्धा तास आत कोंडून ठेवलं, घरचे लोक पांगेपर्यंत. मास्तर पांगला नाही. भिंतीच्या कडेकडेने तो मागच्या फाटकापाशी गेला. पहारेकऱ्याने त्याच्या गळ्यातला मफलर पाहिला आणि काठी आडवी धरली. इकडच्या माणसाला इथे उभं राहता येणार नाही, मारामाऱ्या होतात, म्हणाला.

"माझा मुलगा आहे आत," मास्तर म्हणाला.

"काका, तुम्ही इकडचे, तर मुलगा तिकडचा कसा?"

"माझाच आहे. त्या कोपऱ्यात बसतो. चार वर्षं झाली." त्याचा आवाज एकदम चढला, मैदानावर चढायचा तसा. मागे कुणीतरी थबकलं. कंडक्टर होता, बहिणीच्या नवऱ्याला शोधत आलेला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला नाही. मास्तरलाही त्याच्याकडे वळून बघायचं सुचलं नाही. जे माळ्यावर एका दमात सांगता आलं नाही, ते त्याने काठीवाल्याला तीनदा सांगितलं. काठीवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याने मास्तरच्या पाठीला हात लावून त्याला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं.

थोड्या वेळाने फाटक उघडलं आणि बस बाहेर आली. वळणावर ती हळू झाली. उतरतं ऊन काचांवर पडलं होतं आणि आतलं कोण कुठे, काही दिसत नव्हतं. मास्तरने हात वर केला. आतल्या लोकांना दिसला तो या रंगाचा मफलर घातलेला, जिंकून वर चिडवायला उभा राहिलेला म्हातारा. कुणीतरी काचेवर मूठ आपटली. मग दुसऱ्याने, मग सगळ्या खिडक्या दणाणल्या आणि उगारलेले हात एकापाठोपाठ एक त्याच्या समोरून जाऊ लागले. मास्तरने हात खाली घेतला नाही. तो प्रत्येक खिडकीकडे बघून हात हलवत राहिला, एकही खिडकी सुटू नये म्हणून बसबरोबर चार पावलं चाललाही. त्यांतला एखादा हात उगारलेला नव्हता, नुसताच काचेवर टेकलेला होता, असं त्याला वाटलं. पण बायकोला शपथेवर सांगावं, इतकी त्याची खात्री नव्हती.