त्या पायाला भिंगरी नव्हती

मी एक शिनपॅड बोलतोय. डाव्या पायाचा. फुटबॉल खेळणारे मोज्याच्या आत, नडगीवर जे कडक कवच बांधतात, ते मी. उजव्या पायाचा माझा जुळा भाऊ आता हयात नाही. त्याचं पुढे सांगतो.

‘लाथ मारीन तिथे पाणी काढीन’ असं लोक छाती फुगवून म्हणतात. लाथ खाणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझा जन्म लाथा खाण्यासाठीच झाला आणि मला त्याची लाज वाटत नाही. मोज्याच्या विणीतून अंधुकच दिसतं, पण ऐकू सगळं येतं. आणि बुटाचा खिळा लागला की मारणारा कसा आहे ते मला बरोबर कळतं. घाबरलेला माणूस जास्त जोरात मारतो, हे मी वीस वर्षांत शिकलो.

साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर चकाकी होती. शनिवारच्या बाजारातल्या एका टपरीवरून आम्हा जोडीला हॅलम नावाच्या बस ड्रायव्हरने विकत घेतलं, ते त्याच्या सोळा वर्षांच्या मुलासाठी. मुलाचं नाव कर्टिस. एका मोठ्या क्लबने त्याला नुकतंच शिकाऊ म्हणून घेतलं होतं. हॅलमने आम्हाला मुलाच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “गुडघ्याच्या खालचं हे दोघं बघतील. वरचं तू बघ.” घरात एवढंच भाषण झालं. मग सगळे चहा प्यायला बसले.

कर्टिस मधल्या फळीत खेळायचा. गोल करणाऱ्याचं नाव होतं, गोल अडवणाऱ्याचंही होतं. मधल्या फळीतला माणूस नव्वद मिनिटं धावतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचं नाव नीट छापलंही जात नाही. कर्टिसचं आडनाव मी चार तऱ्हांनी छापलेलं ऐकलंय.

इथे मे महिन्यात क्लब दोन याद्या लावतात. एक ठेवलेल्यांची, एक सोडलेल्यांची. तीन वर्षांनी कर्टिसचं नाव पहिल्यांदा दुसऱ्या यादीत आलं. त्या दिवशी त्याने आम्हाला कपाटातून काढलं, काळ्या पेनने माझ्या आतल्या बाजूला त्या क्लबचं नाव लिहिलं, पिशवी उचलली आणि निघाला. तेव्हापासून ती रीतच पडली. क्लब सुटला की माझ्या पोटावर एक नाव वाढायचं. दहा क्लब झाले, दहा नावं झाली. समुद्राकाठचा एक, कोळशाच्या गावातला एक, एक तर असा की मैदानाच्या एका टोकाला उभं राहिलं तर बेकरीतल्या गरम पावाचा वास यायचा.

प्रत्येक नव्या क्लबात नव्या गड्याला पहिल्या जेवणाला खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणावं लागतं. कर्टिसचा गळा म्हणजे गंजलेलं दार. तो आपला वडिलांच्या बसचे थांबे चालीवर म्हणायचा, चॅपल, गिरणी, दवाखाना, शेवटी डेपो. पोरं टेबलं बडवायची. दहा वेळा तो त्या खुर्चीवर चढला. एकदाही कुरकुरला नाही.

सातव्या क्लबातून निघताना माझा भाऊ संघाच्या बसमध्ये राहिला तो राहिलाच. कर्टिसने डेपोत तीन फोन केले. मिळाला नाही. मग उजव्या पायाला एक पांढरा, नवा पॅड आला. आमचं बोलणं नाही. तो आपल्या जागी, मी माझ्या.

लोक कर्टिसबद्दल म्हणायचे, “हॅलमच्या पायाला भिंगरी आहे.” मी त्याच पायाला बांधलेला होतो. मला तिथे भिंगरी कधी दिसली नाही. दिसलं ते हे, की माणसाला एका जागी राहायचं होतं आणि राहू देत नव्हते.

हे सगळ्यात जास्त कुणाला टोचत असेल तर टिलीला. टिली त्याची मुलगी, वय वर्षं दहा. पाच वर्षांत तिने चार शाळा पाहिल्या. लिहायला लागल्यापासून माझ्या आत नावं तीच लिहायची, जीभ बाहेर काढून. अकरावा क्लब स्टॅनरिज टाउन. लीगच्या तळातला, दगडी घरांच्या गावातला. तिथे आल्यावर वर्षभरात टिली एका रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, पुढच्या वर्षी शाळेची घंटा मी वाजवणार आहे. बाईंनी माझं नाव वहीत लिहून घेतलंय.”

तिच्या आईने, लीअॅनने, कर्टिसकडे पाहिलं. कर्टिस म्हणाला, “मग वाजव की.”

पण ते सोपं नव्हतं. त्याच्या करारात एक कलम होतं. हंगामात पंचवीस सामने खेळला तर करार आपोआप एक वर्ष वाढणार. मैदानावर एक मिनिट उतरला तरी सामना मोजतात. मार्चपर्यंत त्याचे चोवीस झाले होते.

एका मंगळवारी सराव संपल्यावर गॅफरने त्याला खोलीत बोलावलं. संघ चालवणाऱ्याला इथे सगळे गॅफर म्हणतात. आमचा गॅफर हॉलरॉइड, तोंडाचा फटकळ पण मनाने सरळ. मी पायातच होतो.

“बस, कर्ट.”

“उभाच बरा आहे, गॅफर.”

“चोवीस झाले तुझे.”

“माहीत आहे.”

“अध्यक्षांचं म्हणणं आहे, चोवीसच पुरे. छत्तिसाव्या वर्षी तुला आणखी एक वर्ष द्यायचं नाही त्यांना. मला हे आवडलेलं नाही. पण माझीही नोकरी आहे.”

खोलीत फक्त किटली उकळत होती. मला वाटलं, आता हा पिशवी उचलणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, मला तळपाय आणि मस्तक असतं तर.

कर्टिस म्हणाला, “बाकावर तरी बसू द्याल?”

“बाकावर बस. माणसं कमीच आहेत आपल्याकडे.”

“मग बसतो.”

आणि तो बसला. अकरा सामने बसला. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा. सामन्यात गारा पडत असल्या तरी रेषेलगत धावून अंग तापवायचा, जसं काही पुढच्याच मिनिटाला हाक येणार आहे. आणि प्रत्येक सामन्याआधी मला नडगीवर ठेवून, मोजा ओढून, वरून चिकटपट्टीचे सात वेढे घट्ट गुंडाळायचा. बाकावर बसणारे बहुतेक जण पॅड आतच ठेवून येतात, लागले तर आणू म्हणून. शिवाय हल्लीच्या पोरांचे पॅड म्हणजे चहाबरोबरची बिस्किटं. मी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.

हार्वी तर रोज चिडवायचा. हार्वी म्हणजे मोठ्या क्लबकडून हंगामापुरता उसना आणलेला एकवीस वर्षांचा गडी, मधल्या फळीतलाच. “काय आजोबा, आज क्रिकेट आहे वाटतं?”

“तुझी बिस्किटं खाऊन टाक, ओली होतील,” कर्टिस म्हणायचा.

एकदा हार्वीने सरळच विचारलं, “पण उतरवणारच नाहीत तुला, मग बांधतोस कशाला?”

“नाही बांधले, तर मी आत्ताच घरी गेलो असं होईल.”

हे बाकाच्या टोकाला बसलेल्या ग्लेनिसने ऐकलं. ग्लेनिस कपडेवाली. एक्केचाळीस वर्षं स्टॅनरिजचे कपडे धुतेय, घड्या घालतेय. तिच्या मोठ्या कोटाच्या खिशांत सुई-दोरा, चिकटपट्टी, कात्री, पेपरमिंट, सगळा संसार असतो. तिने कर्टिसला एक पेपरमिंट दिली. टिली सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे मोज्यांच्या जोड्या लावायला जायची, त्यामुळे घंटेची गोष्ट तिला माहीत होती. गावात कुणाला माहीत नव्हती?

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. बरोबरी मिळाली तर लीगमध्ये राहायचं, हरलो तर बाहेर. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला गोल १-१ होते, आणि आमच्या मधल्या फळीतल्या कर्णधाराचा घोटा मुरगळला. त्याला उचलून बाहेर आणलं. आम्ही दहाच उरलो, आणि पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. मधल्या फळीतले बाकावर दोघेच होते. हार्वी आणि कर्टिस.

“हार्वी!” गॅफर ओरडला.

हार्वी उठला, जॅकेट फेकलं, रेषेपाशी गेला. चौथ्या पंचांनी वाकून त्याच्या नडग्यांवर बोटं वाजवली. आवाज हाडाचा आला. पॅडशिवाय मैदानात सोडत नाहीत.

“पॅड कुठेत?”

“आत राहिले. पळत आणतो!”

कपडे बदलायच्या खोल्या त्या टोकाच्या कोपऱ्यात. जाऊन यायला तीन मिनिटं. आणि तिकडे कॉर्नरसाठी चेंडू ठेवला जात होता.

हार्वी वळला. “कर्ट, तुझे दे! दे ना, लवकर!”

सगळा बाक आमच्याकडे बघत होता. मला कळत होतं, आता ‘नाही’ म्हणायचं असतं. एका शब्दाचं काम. मागच्या रांगेत अध्यक्ष बसले होते, आणि पलीकडे लीअॅनबरोबर टिली.

कर्टिस खाली वाकला आणि नखाने चिकटपट्टीचं टोक शोधू लागला.

मला त्याचा भयंकर राग आला. आणि तितकाच अभिमानही वाटला, तो का ते मला नीट सांगता येणार नाही. संघ दहा जणांचा असताना हिशेब करत बसणारा तो नव्हता. मी माझ्या परीने नडगीला घट्ट धरून बसलो. सात वेढे, तेही ओले. टोक सापडेना.

“ग्लेनिस, कात्री!” गॅफर ओरडला.

ग्लेनिस उभी राहिली. डावा खिसा चाचपला. आतला चाचपला. “आत्ता तर होती बाई,” ती म्हणाली. “कुठे गेली मेली?”

तिचा कोट माझ्या मोज्याला टेकला होता, आणि उजव्या खिशातली कात्री मला चांगली टोचत होती. ती तो एक खिसा सोडून सगळे खिसे चाचपत होती.

गॅफरने तिच्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

“राहू दे ती कात्री. हॅलम, पायात आहेत ना?”

“आहेत, गॅफर.”

“मग हो आत!”

पंचांनी माझ्यावर बोटं वाजवली. टकटक. इतका गोड आवाज मी आयुष्यात कधी काढला नव्हता.

कर्टिस धावत आत गेला आणि कॉर्नरच्या गर्दीत घुसला. पुढची मिनिटं त्याने काही दैवी केलं नाही. जिथे चेंडू पडेल असं वाटलं तिथे आधी जाऊन उभा राहिला, वीस वर्षं केलं तेच. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडूवर पाय टाकायला आला आणि माझ्यावर आला. घाबरलेला होता. मी वरपासून खालपर्यंत तडकलो. नडगी शाबूत राहिली. फ्री किक मिळाली, वेळ गेला, शिट्टी झाली. १-१.

नंतर मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात अध्यक्ष आले. “हे काय झालं, हॉलरॉइड?”

“त्या पोराकडे पॅड नव्हते, साहेब. नियम आहे.”

“एवढ्या क्लबात एक कात्री नव्हती?”

“ते ग्लेनिसला विचारा.”

ग्लेनिसला जाब विचारायची छाती स्टॅनरिजमध्ये अजून कुणाची झालेली नाही. अध्यक्ष टाय सैल करत निघून गेले.

कपड्यांच्या खोलीत ग्लेनिसने उजव्या खिशातून कात्री काढली आणि माझ्यावरचे सात वेढे एकेक कापले. कर्टिस बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

“ग्लेनिस…”

“पाय हलवू नकोस राजा, लागेल.”

त्या मे महिन्यात टिलीने पेन उघडलं, मला उलटं केलं आणि क्षणभर थांबली. करार वाढला होता, क्लब सुटलाच नव्हता. मग तिने स्टॅनरिज लिहिलं आणि खाली पुन्हा एकदा स्टॅनरिज लिहिलं. एकच नाव दोनदा, असं माझ्या पोटावर पहिल्यांदाच झालं.

आज माझ्या भेगेवर काळी चिकटपट्टी आहे. कर्टिसने नवा पॅड आणला होता, तो पिशवीच्या तळाशी आहे. हा हंगाम बहुधा आमचा शेवटचा. मला त्याचं वाईट वाटत नाही. फेकायचं तेव्हा फेका, फक्त त्या पांढऱ्या पॅडबरोबर एकाच डब्यात नको.

तुम्हीही कुठे बाकावर बसला असाल. हाक येईल की नाही, मला माहीत नाही. पण बसाल तर पॅड बांधून बसा.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कर्टिसने सरावाला जाताना गाडी शाळेसमोर थांबवली आणि इंजिन बंद केलं. मी मागच्या सीटवर पिशवीत होतो, मला दिसलं काही नाही. पावणेनऊला घंटा झाली. जरा जास्तच वेळ वाजली.